औषधाच्या दुकानातील दूरची देखरेख

अमेरिकेतील किरकोळ औषधविक्रीच्या व्यवसायाला उतरती कळा लागली आहे, हे आता तेथील कोणीही नाकारीत नाही. 'राइट एड' ही दुकानसाखळी ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, तेथून कशीबशी बाहेर पडली आणि २०२५ मध्ये पुन्हा तेथेच जाऊन तिने उरलीसुरली दुकानेही बंद केली. 'सीव्हीएस'ने २०२२ पासून तीन वर्षांत सुमारे ९०० दुकाने मिटविण्याचा कार्यक्रम राबविला. 'वॉलग्रीन्स'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढील तीन वर्षांत सुमारे १,२०० दुकानांना टाळे लावण्याचे जाहीर केले. अशा परिस्थितीत उरलेली दुकाने चालवावयाची कशी, या प्रश्नावर जे उपाय सुचविले जात आहेत त्यांत एक उपाय वरकरणी अगदी निरुपद्रवी वाटतो. दुकानात फार्मासिस्ट नसावा. तेथे केवळ तंत्रज्ञ असावा. आणि फार्मासिस्टने दूर कोठेतरी बसून, कॅमेऱ्याच्या साहाय्याने, पडद्यावरून त्याच्या कामावर देखरेख ठेवावी.

ही पद्धत काही आजची नाही. प्रत्यक्षात ती कशी चालते ते प्रथम पाहिले पाहिजे. डॉक्टरची चिठ्ठी दुकानात आली की तंत्रज्ञ ती संगणकात नोंदवितो. फळीवरून औषधाची मोठी बाटली काढतो, तिच्यावरील पट्ट्यांचा संकेत यंत्राला दाखवितो, तबकात पाच-पाचाच्या ओळी करून गोळ्या मोजतो, त्या लहान बाटलीत भरतो आणि तिला रुग्णाच्या नावाचे लेबल लावतो. मूळ चिठ्ठी, मोठी बाटली, लेबल आणि गोळ्या या सर्वांची छायाचित्रे दूरच्या फार्मासिस्टपुढे पडद्यावर येतात. औषध तेच आहे काय, मात्रा बरोबर आहे काय, रुग्ण आधीपासून घेत असलेल्या औषधांशी त्याचे वैर तर नाही ना, हे पाहून तो संमती देतो. त्यानंतरच बाटली गिऱ्हाईकाच्या हाती पडते, आणि गिऱ्हाईकाला काही विचारावयाचे असल्यास तेही पडद्यावरच विचारावे लागते. तंत्रज्ञाला सल्ला देण्याचा अधिकार कायद्याने नाही.

या पद्धतीचा उगम नॉर्थ डकोटा राज्यात झाला, आणि तो ज्या कारणाने झाला ते कारण सर्वस्वी समर्थनीय होते. क्षेत्रफळाने हे राज्य महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठे आहे. परंतु २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या आठ लाखांनाही पोहोचलेली नाही. चारपाचशे वस्तीच्या गावातील म्हातारा दुकानदार निवृत्त झाला की त्याची जागा घ्यायला तरुण फार्मासिस्ट येत नसे, आणि दुकान बंद पडले की हिमवर्षावाच्या दिवसांत वृद्धांना औषधासाठी कित्येक मैलांची रपेट करावी लागे. २००१ मध्ये त्या राज्याने दूरस्थ देखरेखीला परवानगी देणारे नियम केले आणि पुढील वर्षी तेथील राज्य विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या साहाय्याने ही योजना प्रत्यक्षात आली. बंद पडलेली दुकाने उघडली, बंद पडू पाहणारी तगली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दूरस्थ दुकानांतील चुकांचे प्रमाण मध्यवर्ती दुकानांपेक्षा काहीसे अधिक आढळले. परंतु तो फरक एवढा मोठा नव्हता की त्यापायी गावाला औषधाविना ठेवावे. दुकानच नाही, या पर्यायाशी तुलना केली तर हा सौदा निःसंशय फायद्याचा होता.

या यशाचे वर्णन करणारे बहुतेक लोक एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे वगळतात. नॉर्थ डकोटात १९६३ पासून असा कायदा आहे की, काही जुने अपवाद वगळता, औषधाच्या दुकानाची बहुसंख्य मालकी नोंदणीकृत फार्मासिस्टकडेच असली पाहिजे. साखळी दुकानांनी या कायद्याला आव्हान दिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये तो वैध ठरविला. २०१४ मध्ये तो रद्द करण्यासाठी सार्वमत घेण्यात आले आणि मतदारांनी ती सूचना स्पष्ट बहुमताने फेटाळली. याचा अर्थ असा की, जेथे ही पद्धत जन्मली व नावाजली गेली, तेथे कॅमेऱ्यामागे बसलेला माणूस बहुधा त्या दुकानाचा मालकही होता. आपण तासाला किती चिठ्ठ्या पाहू शकतो हे तो स्वतः ठरवीत होता. चूक झाली तर परवाना त्याचा जाणार होता, आणि बचत झाली तर तीही त्याच्याच गल्ल्यात पडणार होती.

आता हीच पद्धत साखळी दुकानांच्या शहरी शाखांत येऊ पाहत आहे. कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, अनेक राज्यांनी फार्मासिस्टना घरी बसून चिठ्ठ्या तपासण्याची मुभा दिली होती. आणीबाणीत दिलेल्या सवलती आणीबाणी संपल्यावर परत घेणे किती अवघड असते, हे सांगावयास नको. ज्या दुकानात काल फार्मासिस्ट होता त्या दुकानातून तो काढून चार दुकानांमागे एक पडद्यापुढे बसविणे हे वेगळे अर्थकारण आहे. यंत्र तेच, तारा त्याच, पडदाही तोच. परंतु पहिल्या प्रकारात जेथे शून्य होते तेथे काही आले, आणि दुसऱ्या प्रकारात जेथे एक होता तेथे पाव उरला. या दोन्ही गोष्टींना एकच नाव देऊन पहिलीच्या पुण्याईवर दुसरीला परवाने मिळविणे चालले आहे. या विषयावरील बहुतेक चर्चेचा घोळ येथेच आहे.

साखळी दुकानांना याची गरज का भासते तेही समजून घेतले पाहिजे; त्यांना केवळ लोभी म्हणून भागणार नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये फार्मासिस्टचे मध्यम वार्षिक वेतन सुमारे १ लाख ३६ हजार डॉलर होते आणि तंत्रज्ञाचे सुमारे ४० हजार. म्हणजे एका फार्मासिस्टच्या खर्चात तीन तंत्रज्ञ येतात आणि वर काही शिल्लक राहते. दुसऱ्या बाजूने औषधाच्या विक्रीतील नफा आवळला जात आहे. विमा कंपन्या आणि दुकाने यांच्यामध्ये औषधाचे देयक ठरविणाऱ्या ज्या मध्यस्थ कंपन्या आहेत, त्यांतील तीन सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या हातून २०२३ मध्ये सुमारे ८० टक्के चिठ्ठ्यांची देयके गेली, असे संघराज्य व्यापार आयोगाने जुलै २०२४ च्या अहवालात नमूद केले आहे. या तिघींपैकी एक 'सीव्हीएस'च्याच मालकीची आहे, ही गंमत वेगळी. दुकानाला किती मिळावयाचे ते बाहेरचा ठरवितो. भाडे कमी होत नाही. तेव्हा कात्री चालते ती वेतनावर, आणि वेतनात सर्वांत जाड रकाना फार्मासिस्टचा.

अर्थशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांना बोमोल व बोवेन यांचे १९६६ मधील विवेचन शिकवावे लागते. चार वादकांची एखादी रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ व जेवढी माणसे लागत, तेवढीच आजही लागतात. कारखान्यातील कामगाराची उत्पादकता मात्र मधल्या काळात कैक पटींनी वाढली. त्यामुळे वाद्यवृंदाचा खर्च सापेक्षतः वाढतच जातो. देखरेख हे काम बरेचसे या जातीचे आहे. गोळ्या मोजण्याचे काम यंत्राने जलद होते, लेबल छापणे जलद होते, चिठ्ठी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला क्षणात पोहोचते. पण एका माणसाने एका चिठ्ठीकडे पाहून 'हे औषध या रुग्णाला चालेल काय' असा विचार करायला जो वेळ लागतो, तो तारेने कमी होत नाही. दूरस्थ देखरेखीच्या हिशेबात जी बचत दाखविली जाते तिचे म्हणूनच दोन भाग पाडले पाहिजेत. फार्मासिस्ट रिकामा बसत असे तो वेळ वाचला, तर ती खरी बचत आहे. तो विचार करीत असे तो वेळ वाचला असेल, तर ती बचत रुग्णाच्या खिशातून काढलेली आहे. फक्त तिची पावती त्याला मिळालेली नाही.

यावर असे म्हणण्यात येईल की फार्मासिस्ट दुकानात हजर असतो तेव्हा तरी तो विचार करीत असतो काय? आक्षेप रास्त आहे. 'शिकागो ट्रिब्यून' या दैनिकाने २०१६ मध्ये एक कसोटी घेतली. एकत्र घेणे धोक्याचे अशा औषधांच्या जोड्यांच्या चिठ्ठ्या घेऊन त्याचे बातमीदार २५५ दुकानांत गेले. त्यांपैकी ५२ टक्के दुकानांनी धोक्याचा उच्चारही न करता औषधे देऊन टाकली. या सर्व दुकानांत फार्मासिस्ट सदेह उपस्थित होते. जानेवारी २०२० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने साखळी दुकानांतील कामाच्या रेट्याविषयी जे विस्तृत वृत्त दिले, त्यात फार्मासिस्टांनी राज्य मंडळांना लिहिलेल्या तक्रारी होत्या: फोन वाजतो आहे, मोटारीच्या खिडकीशी गिऱ्हाईक घंटा वाजविते आहे, लस टोचावयाची आहे, आणि घड्याळ प्रत्येक चिठ्ठीमागे धावते आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅन्सस सिटीच्या 'सीव्हीएस' दुकानांतील फार्मासिस्ट काम सोडून बाहेर पडले आणि ऑक्टोबरमध्ये 'वॉलग्रीन्स'मधील अनेकांनी तेच केले. त्यांची प्रमुख मागणी अधिक पगाराची नसून अधिक हातांची होती.

या चित्राकडे पाहिले की दूरच्या शांत खोलीत, घंटा आणि फोन यांपासून सुटका होऊन, एकाग्रतेने चिठ्ठ्या तपासणारा फार्मासिस्ट प्रत्यक्ष दुकानातील फार्मासिस्टपेक्षा चांगले काम करील, हे म्हणणे खोटे ठरविता येत नाही. आणखी एक लाभ आहे, ज्याकडे टीकाकारांचे लक्ष फारसे जात नाही. प्रत्यक्ष तपासणीचा मागे काहीच पुरावा राहत नाही. पडद्यावरील तपासणीत बाटलीचे आणि गोळ्यांचे छायाचित्र जपून राहते. उद्या वाद उत्पन्न झाला तर कोणी काय पाहिले आणि केव्हा पाहिले हे दाखविता येते. रुग्णाच्या दृष्टीने ही सुधारणाच होय.

तेव्हा प्रश्न अंतराचा नाही. ओहायो राज्यातील एक प्रकरण याची साक्ष देते. ते किरकोळ दुकानातील नसून इस्पितळातील आहे, तरी देखरेखीच्या स्वरूपावर त्याइतका प्रकाश दुसऱ्या कशाने पडत नाही. २००६ मध्ये क्लीव्हलंड येथे कर्करोगावर उपचार घेणाऱ्या दोन वर्षांच्या एका बालिकेसाठी तंत्रज्ञाने द्रावण तयार केले. त्यात मिठाचे प्रमाण एक टक्क्याच्या आत असावयास हवे होते. ते २३ टक्क्यांहून अधिक झाले. फार्मासिस्टने त्यावर संमती दिली आणि ती मुलगी दगावली. तंत्रज्ञ आणि फार्मासिस्ट यांच्यामध्ये कॅमेरा नव्हता, होती ती केवळ काही पावले. त्या दिवशी संगणक काही काळ बंद होता आणि कामे साचली होती, हे नंतर पुढे आले. फार्मासिस्टचा परवाना गेला आणि २००९ मध्ये त्याला सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याच वर्षी ओहायोने त्या मुलीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा करून तंत्रज्ञांसाठी परीक्षा व पात्रता आवश्यक केली. जबाबदारी कोणाची हे न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. पण तेथे किती माणसे असावयास हवी होती, हा प्रश्न कोणत्याही न्यायाधीशापुढे आला नाही.

कायदे करणाऱ्यांनी मात्र अंतरच मोजले, कारण ते मोजायला सोपे असते. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये दूरस्थ दुकानांना परवानगी दिली तेव्हा दहा मैलांच्या आत दुसरे औषधाचे दुकान नसावे आणि दिवसाला सरासरी २२५ हून अधिक चिठ्ठ्या तेथे भरल्या जाऊ नयेत, अशा अटी घातल्या. पहिली अट शहाणपणाची आहे: जेथे गरज आहे तेथेच हा उपाय वापरला जाईल, म्हणजे शून्याच्या जागी काही येईल, याची ती हमी देते. म्हणूनच अशा अटी सैल कराव्यात असा दबाव येतो. दुसरी अट अर्धीच शहाणी आहे. ती दुकानातून जाणाऱ्या चिठ्ठ्या मोजते. कॅमेऱ्याच्या या बाजूला बसलेल्या माणसाच्या तासाभरात किती चिठ्ठ्या आल्या, त्यांतील किती त्याने अडविल्या, हे ती विचारीत नाही. ज्या फार्मासिस्टने महिनाभरात एकही चिठ्ठी परत पाठविली नाही, त्याच्या देखरेखीला काय म्हणावे?

याच राज्याने २०२१ मध्ये दुसरा एक कायदा केला. साखळी दुकानांनी फार्मासिस्टांवर किंवा तंत्रज्ञांवर ठराविक वेळात ठराविक चिठ्ठ्या भरण्याचा कोटा लादू नये, असे तो सांगतो. २०२३ मध्ये त्यापुढे जाऊन किमान कर्मचारीसंख्येची आणि औषध देण्यातील चुका कळविण्याची तरतूदही करण्यात आली. माझ्या मते दूरस्थ देखरेखीचा खरा कायदा हा आहे, जरी त्यात कॅमेऱ्याला मध्यवर्ती स्थान नाही.

रुग्णाला सल्ला देण्याची बाब आणखी नाजूक आहे. १९९० च्या संघराज्य कायद्याने गरिबांसाठीच्या सरकारी वैद्यकीय योजनेतील रुग्णांना फार्मासिस्टने सल्ला देऊ केला पाहिजे असे ठरविले, आणि बहुतेक राज्यांनी तो नियम इतरांनाही लागू केला. प्रत्यक्षात 'काही विचारावयाचे आहे काय?' एवढ्या एका वाक्यावर त्याची बोळवण होते, आणि सही घेतली जाते. पडदा आल्यावर हे वाक्यही तंत्रज्ञ उच्चारतो. सत्तरीतील एखादी बाई कानाला यंत्र लावून, रांगेतल्या लोकांच्या देखत, पडद्यावरील अनोळखी चेहऱ्याला आपल्या पोटाची तक्रार सांगेल, असे ज्यांना वाटते त्यांनी म्हातारी माणसे फारशी पाहिलेली नसावीत. ती विचारील त्या समोरच्या मुलीला, जिला ती नावाने ओळखते. आणि त्या मुलीने कायदा पाळून 'मला सांगता येणार नाही' असे म्हणावे, ही अपेक्षा लहान गावात टिकणारी नाही. ती सांगेल. बहुतेक वेळा बरोबरही सांगेल. ज्या वेळी चुकेल, त्या वेळी ते कोणत्याही छायाचित्रात दिसणार नाही.

आपल्याकडे याचे काय, असे वाचक विचारतील. आपल्या १९४५ च्या औषध नियमांतील ६५ व्या नियमाने डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या व्यक्तिगत देखरेखीखालीच दिले पाहिजे, असे बंधन घातले आहे. 'व्यक्तिगत' या शब्दाचा आपल्याकडील अर्थ कित्येक दुकानांत भिंतीवर चौकटीत लावलेले प्रमाणपत्र एवढाच असतो; प्रमाणपत्राचा धनी महिन्याला ठराविक रक्कम घेऊन दुसरीकडेच नोकरी करीत असतो. महेश झगडे हे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना त्यांनी फार्मासिस्टच्या उपस्थितीचा आग्रह धरला, तेव्हा औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी २०१३ मध्ये दुकाने बंद ठेवण्यापर्यंत मजल गाठली होती. या पार्श्वभूमीवर कोणी म्हणेल की भिंतीवरील कागदापेक्षा पडद्यावरील हलता-बोलता चेहरा बरा. एका मर्यादेपर्यंत ते खरे आहे. परंतु नॉर्थ डकोटात फार्मासिस्ट मिळत नव्हता म्हणून कॅमेरा आला. महाराष्ट्रातील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींची संख्या पाहता आपल्याकडे टंचाई माणसांची नसून त्यांना पुरेसा पगार देण्याच्या इच्छेची आहे. मेळघाटातील किंवा भामरागडमधील एखाद्या दुकानासाठी दूरच्या देखरेखीचा विचार करण्यास हरकत नसावी. पुण्याच्या पेठांतील दुकानासाठी तो करण्याचे कारण दिसत नाही.

आणि असा प्रस्ताव आपल्या प्रशासनापुढे आलाच, तर कॅमेऱ्याची प्रत आणि जोडणीचा वेग यांची चौकशी शेवटी करावी. प्रथम नोंदवही मागावी: एका फार्मासिस्टमागे किती दुकाने, त्याच्या एका तासात किती चिठ्ठ्या, त्याने किती थांबविल्या, थांबविल्यानंतर त्या दुकानात विकल्या गेल्या की नाही, आणि थांबविल्याबद्दल मालकाकडून त्याला काय ऐकावे लागले.